मोनोपॉडची गुढी

१५ जानेवारी २०२४, सोमवार

आज संक्रांत. ऑफिसला सुट्टी. मालिनीनं हातावर तिळगूळ ठेवला आणि गोड बोलायच्या दिवशी पहिलं वाक्य काय, तर "अहो, डोळे तपासून घ्या एकदा." का? तर चहा ओतताना जरा कपाबाहेर गेला. चहा काय कुणाच्या हातून सांडत नाही?

वही काढली ती चहासाठी नव्हे. आठ एप्रिलला खग्रास सूर्यग्रहण आहे आणि अमेरिकेत ते आमच्या ओहायोवरून जाणार आहे. कोलंबसजवळच्या डब्लिनमधल्या घरापासून तासभर वायव्येला गेलं की भर दुपारी तीनएक मिनिटं काळोख. लहानपणी धारवाडला असंच एक माझ्या डोक्यावरून गेलं आणि मला बघू दिलं नाही. तेव्हापासून वाट बघतोय. ओहायोत यानंतरचं २०९९ साली. तेव्हा मी कुठे असेन हे सांगायला ज्योतिषी नको.

फोटो एकच हवा. काळा सूर्य आणि भोवती पांढरी प्रभा. तो मिळाला की बाकी पक्षी, प्राणी, चंद्र-तारे यांत घालवलेली सगळी वर्षं वसूल.

२८ जानेवारी, रविवार

सायोटो नदीवर बगळे बघायला गेलो होतो. हा बगळा म्हणजे आपल्या राखी बगळ्याचाच भाऊबंद, इथे खाऊनपिऊन थोराड झालेला. राजाराम बरोबर होता. ऑफिसात शेजारी बसतो, मूळचा कोल्हापूरचा, कॅमेऱ्याचं वेड माझ्याइतकंच आणि तोंडाला कुलूप नाही. पडद्यावर माझे फोटो मोठे करून म्हणाला, "त्र्यंबकराव, काय राव, बगळ्याच्या चोचीपेक्षा मागचं गवत शार्प आलंय. फोकस कुठे मारताय?"

थोरल्या लेन्समध्ये बिघाड आहे, दुसरं काय. उद्या दुरुस्तीला पाठवतो.

बगळा उडाल्यावर मात्र मजा आली. मला नीट दिसेना म्हणून मी त्याच्या जरा बाजूला बघितलं, तर लख्ख! हे आमचं जुनं तंत्र. अंधूक तारा बघायचा तर त्याच्याकडे सरळ बघायचं नाही, शेजारी बघायचं. वर्षानुवर्षं आकाश बघून नजरेला सवय लागली आहे. आता दिवसासुद्धा मी तसाच बघतो. राजारामला म्हटलं, याला साधना म्हणतात. तो काही बोलला नाही. नवल आहे.

३ फेब्रुवारी, शनिवार

परसात कार्डिनल आला होता, लालभडक. खिडकीतून बघत होतो तर मध्येच नाहीसा झाला. मालिनी म्हणाली, "समोरच तर बसलाय नं." लबाड पाखरू आहे.

जुने अल्बम काढले. कोलंबसला नवा आलो तेव्हा पहिल्या पगारातून रीळवाला कॅमेरा घेतला होता. एका रिळात छत्तीस फोटो, ते संपेपर्यंत धुवायला द्यायचं नाही, मग दुकानातून पाकीट आलं की पार्किंगमध्ये गाडीतच फोडायचं. पहिलं सबंध रीळ एका खारीवर घालवलं होतं. सगळे फोटो आईला धारवाडला पाठवले. तिचं उत्तर आलं, "छान आहेत. तिकडे माणसं नाहीत का रे?" अजून हसू येतं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण कॅमेरा उचलला की हे वाक्य कानात येतंच.

अल्बममधली शाई पार उडाली आहे. मालिनीला म्हटलं, ती म्हणाली की तिला व्यवस्थित वाचता येतं. मग तिनंच मला सगळं वाचून दाखवलं. संध्याकाळ फार छान गेली.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ग्रहणाचा वाढदिवस. १९८० साली आजच्याच तारखेला.

बाबा बँकेत, बदली धारवाडला. भाड्याचं कौलारू घर. सगळं गाव दारं लावून बसलं होतं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आईनं खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, दह्यादुधावर तुळशीची पानं ठेवली आणि मला माजघरात बसवलं. शाळेत दामलेमास्तरांनी धुतलेली एक्स-रे फिल्म कशी डोळ्यांवर धरायची ते सांगितलं होतं. मी ती मिळवलीही होती, शेजारच्या कंपाउंडरच्या पायाची. आईनं ती काढून घेतली. "ग्रहण बघितलं की डोळे जातात," म्हणाली. मी रडलो, पाय आपटले, वैज्ञानिक कारणं सांगितली. आईपुढे विज्ञान म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण एक कौल फुटकं होतं. त्यातून ऊन फरशीवर यायचं, नेहमी गोल. त्या दुपारी त्याची कोर झाली. खरीखुरी चंद्रकोर, नखाएवढी, फरशीवर. ती बारीक होत होत गेली आणि संपली. घरात असा अंधार झाला की आईचा चेहराही दिसेना. चिमण्या गप्प. कुठेतरी कोंबडा आरवला. आईनं माझा हात घट्ट धरला होता आणि तो थरथरत होता. तिलाही भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

सुटल्यावर आंघोळ, आणि मग दान. आई गोष्ट सांगायची की तिच्या माहेरी साताऱ्याकडे ग्रहण सुटलं की दारोदार हाळी यायची, "दे दान, सुटे गिराण!" धारवाडात कोण येणार? तरी तिनं कोपऱ्यावरच्या हमालाच्या मुलाला बोलावलं आणि मला माझा निळा स्वेटर द्यायला लावला. नवाकोरा, तिनंच विणलेला. मी म्हटलं, जुना देतो. तर म्हणाली, "नको झालेलं देतात ती अडगळ. आवडतं ते द्यायचं, त्याला दान म्हणतात." आधी ग्रहण गेलं, वर स्वेटर गेला. आठवडाभर तिच्याशी बोललो नाही.

आता वाटतं, तो थरथरता हात पुन्हा धरता आला तर पेटीभर स्वेटर देईन.

२ मार्च, शनिवार

लेन्स परत आली. चिठ्ठीत म्हणे, "दोष आढळला नाही." बघितलंच नसेल नीट.

मालिनीनं मला न विचारता मंगळवारची डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली होती. मी फोनवरून कॅन्सल केली. डोळ्यांत थेंब टाकतात, मग दोन दिवस सगळं धुरकट. ऐन तयारीत कोण घालवणार? आणि समजा त्यानं म्हटलं, सूर्याकडे बघायचं नाही, तर? एकदा घरात कोंडून घेतलं ते पुरे झालं. आता या वयात कुणी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या तर सहन होणार नाही.

संध्याकाळी मुलीचा, स्वानंदीचा, टेक्ससमधल्या प्लेनोहून फोन. आईनं कान भरले असणार. "बाबा, जस्ट गेट इट चेक्ड. व्हाय आर यू बीइंग सो स्टबर्न?" मी विषय बदलला आणि फोनवरची अक्षरं मोठी कशी करायची ते विचारलं.  मग हळू आवाजात मराठीत सांगितलं तिनं. मुलगी मराठीत बोलली की फार बरं वाटतं.

१० मार्च, रविवार

घड्याळ तासभर पुढे. झोप गेली.

न्हाणीघराच्या फरशा ज्यानं बसवल्या त्याला धरून बडवायला हवा. रेघा मध्येच वाकड्या झाल्यात. इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही? रस्त्यावरचे दिव्याचे खांबही तसेच. अमेरिका अमेरिका म्हणतात, पण एक खांब सरळ लावता येत नाही.

मालिनीला हल्ली गाडी चालवायची हौस आली आहे. जिथे जावं तिथे "मी ड्राइव्ह करते, मला प्रॅक्टिस हवी." हायवेला घाबरणारी बाई! शिवाय कॅमेऱ्यातही रस. फोकसचं चाक कुठलं, फिल्टर कसा काढायचा, लांबून फोटो काढायचं वायरचं बटण कुठे लावतात, सगळं विचारून घेतलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हिला माझा छंद समजला. देर आये दुरुस्त आये. आता मीही मास्तरकी करून घेतो.

"सूर्य अर्धवट असेपर्यंत पुढचा काळा फिल्टर हवाच," मी सांगितलं, "आणि पूर्ण झाकला की लगेच काढायचा. नाहीतर फोटोत नुसता अंधार. उघडा पडायला लागला की परत लावायचा. इथेच भले भले फसतात."

"काढला, फोटो, लावला," ती तिच्या नागपुरी ठेक्यात म्हणाली. "भातावरचं झाकण तं आहे."

२० मार्च, बुधवार

चमत्कार! कार्डावर चंद्राचे फोटो सापडले. अष्टमीच्या आसपासचा चंद्र, एकेक विवर सुईनं कोरल्यासारखं. कधी काढले ते मला आठवत नाही. ऑफिसच्या गडबडीत विसरलो असेन. म्हणजे लेन्सही ठीक आणि मीही ठीक. राजारामला पाठवले. त्याचं उत्तर, "एक नंबर. वहिनींना नमस्कार सांगा." वहिनींना कशाला? या माणसाचं काही कळत नाही.

मालिनीला दाखवले तर ती लाजली.

३१ मार्च, रविवार

परसात रंगीत तालीम. सूर्य चौकटीत सापडायला फार वेळ लागला. मागच्या पडद्यावर मधोमध एक करडा डाग दिसतो, पडदा पुसून पुसून हात दुखले. शेवटी मालिनी म्हणाली, "तुम्ही वायरचं बटण धरा, मी सूर्य मधे ठेवते." आई-मुलानं मिळून पतंग उडवावा तसं. पण जमलं.

मग तिनं सौदा केला. ग्रहणाला ती माझ्याबरोबर वायव्येकडच्या एका शेतावर येईल, गाडी चालवेल, सगळं करेल. पण दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं डॉक्टरकडे. तारीख घेऊन ठेवली आहे.

"नऊ तारखेला पाडवा आहे," मी म्हटलं. "पाडव्याला कुणी डॉक्टरकडे जातं का?"

"साडेतीन मुहूर्तांतला एक आहे नं? मग शुभ काम त्या दिवशी नाही तं केव्हा करायचं?"

नागपूरकरणीशी वाद घालू नये. हो म्हटलं.

७ एप्रिल, रविवार

सामान भरलं. उद्या रजा. ढग विरळ राहतील म्हणतात.

 इथे लिहायला हरकत नाही, मला भीती वाटते. ढगांची नाही. उद्या वर बघितलं आणि तिथेही मधोमध तो करडा डागच असला तर?

लिहिलं ते खोडणार होतो. राहू दे.

८ एप्रिल, सोमवार

परत आलो. रस्ताभर गाड्यांची रांग, मालिनीनं न कुरकुरता चालवली. ती आता झोपली आहे. मी जाड स्केचपेननं लिहितोय, साधी पेनं हल्ली उमटत नाहीत.

राजारामच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेत. मका अजून पेरलेला नाही, नुसती काळी जमीन. पंधरा-वीस माणसं खुर्च्या टाकून, सँडविचं खात. इथे ग्रहणात खातात! मालिनीनं काहीच खाल्लं नाही, मला बिस्किटसुद्धा दिलं नाही. म्हणाली, "तुमच्या आईचं राहू द्या नं एवढं." आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही सासूचं ऐकते.

ग्रहण लागलं तसा तिनं पिशवीतून बुंदीचा झारा काढला. झारा! गाडीच्या बॉनेटवर पांढरा पंचा पसरला आणि झारा उन्हात धरला. पंच्यावर कोरी उमटल्या. ढीगभर. सगळ्या नखाएवढ्या. मी खाली वाकून बघत राहिलो. कौलातून पडलेली ती एकटी कोर मी इतकी वर्षं जपली होती, आणि इथे तिचं अख्खं गोकुळ. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. धारवाडची फरशी, चिंध्या, तुळशीचं पान, सगळं त्या पंच्यावर होतं.

मग वारा गार झाला. शेताच्या कडेचे काळे पक्षी झाडांत शिरले. अंधार पश्चिमेकडून धावत आला. लोक ओरडायला लागले. मी वर बघितलं.

करडा डाग. मधोमध. बाकी काही नाही.

सबंध आयुष्य ज्याची वाट बघितली, ते माझ्या डोक्यावर होतं आणि डोळे म्हणत होते, नाही दाखवत जा. मी बहुतेक "आई" असं ओरडलो. मालिनीचा हात माझ्या हातावर आला, तोही थरथरत होता. "फिल्टर काढला," ती म्हणाली, "मधे आणलाय, दाबा. बटण दाबा तुम्ही." मी दाबत राहिलो.

आणि मग तिनं कानात सांगितलं, "बाजूला बघा. तुमच्या त्या ताऱ्यासारखं. शेजारी बघा."

शेजारी एक तेजस्वी चांदणी होती, शुक्र. मी शुक्राकडे बघितलं. आणि डोळ्याच्या कडेला तो आला. काळा गोल आणि भोवती पांढरी जटा, चहूबाजूंनी. खाली क्षितिजभर सगळीकडे एकदमच संध्याकाळ. हलू नये, श्वाससुद्धा घेऊ नये असं वाटलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हिऱ्यासारखा एक ठिपका चमकला आणि मालिनीनं फटकन फिल्टर लावला.

मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरून, सगळ्या गोऱ्या लोकांसमोर, हाळी घातली, "दे दान, सुटे गिराण!" मीच सांगितली होती तिला कधीतरी. शेजारची गोरी बाई टाळ्या वाजवायला लागली.

फोटो बघितले. म्हणजे मालिनीनं बघितले आणि सांगितले. फार सुरेख आलेत म्हणते. बटण मीच दाबलं होतं.

९ एप्रिल, मंगळवार. पाडवा

सकाळी मागच्या डेकवर गुढी. वेळूची काठी इथे कुठून आणणार, म्हणून दरवर्षी माझ्या मोनोपॉडची गुढी असते. मोनोपॉड म्हणजे कॅमेऱ्याखाली धरायचा एकपायी स्टँड. त्यावर मालिनीची जरीची साडी, कडुलिंबाऐवजी कढीपत्ता, साखरेची गाठी आणि वर तांब्या.

मी नमस्काराला उभा राहिलो आणि म्हटलं, "वाकडी लावलीस गं."

"सरळ आहे."

"अगं, मधे बघ ना. वाकलीय."

 मी पुढे होऊन मोनोपॉडवरून हात फिरवला. खालपासून वरपर्यंत. कार्बनचा आहे तो. बर्फात रोवलाय, नदीत टाकलाय, एकदा गाडीखालीही आलाय. सगळं वाकेल, खांब वाकतील, फरशा वाकतील, पण माझा मोनोपॉड वाकत नाही. ते मला ठाऊक आहे.

हात सांगत होता सरळ, डोळे सांगत होते वाकडी.

तेवढ्या एका क्षणात सगळं एकामागून एक आलं. बगळ्याची चोच, नाहीसा झालेला कार्डिनल, उडालेली शाई, न्हाणीघर. स्वानंदीचं मराठी. चंद्राचे फोटो. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "चंद्र तू काढलास."

"हो," ती म्हणाली. "चिडू नका."

"आणि कालचा?"

"बटण तुम्ही दाबलं नं."

साधना म्हणे! गाढव आहे मी.

दुपारी डॉक्टरांनी पडदा बघितला, डोळ्याच्या मागचा. मधलाच भाग खराब झालाय. डाव्या डोळ्याचं फारसं हाती लागणार नाही. उजव्यात पडद्याखाली रक्त-पाण्याची गळती अलीकडे सुरू झाली आहे, तो इंजेक्शनं देऊन राखता येईल, बहुतेक. डोळ्यात इंजेक्शन! ऐकूनच घाम फुटला. "मार्चमध्ये आला असतात तर," एवढंच बोलून थांबले ते. कडेची नजर राहते म्हणाले. ड्रायव्हिंग बंद.

मालिनीनं मार्चच्या अपॉइंटमेंटचा विषय एकदाही काढला नाही. परत येताना गाडीत फक्त म्हणाली, "गुढी उतरवायची आहे अजून." काढला असता तर बरं झालं असतं. माझा मीच स्वतःला दिवसभर ऐकवतोय.

आई म्हणायची, ग्रहण बघितलं की डोळे जातात. आई, मी तर बघितलंच नव्हतं गं.

१३ एप्रिल, शनिवार

पहिलं इंजेक्शन झालं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. ते चालू असताना मालिनीनं इतक्या जोरात हात दाबला की तोच दुखतोय.

राजाराम येऊन गेला. ग्रहणाचा फोटो मोठा छापून, फ्रेम करून आणला होता. मी त्याच्या चौकटीकडे बघितलं आणि फोटो दिसला. खालच्या कोपऱ्यात त्यानं माझं एकट्याचं नाव छापलं होतं. मी त्याला ती फ्रेम परत दिली आणि नीट करून आण म्हटलं. "दोन नावं टाक. आणि तिचं आधी." तो म्हणाला, "मला माहीतच होतं राव."

तो गेल्यावर कॅमेऱ्याची पिशवी काढली. थोरली लेन्स, फिल्टर, वायर, सगळं पुसलं, हातानंच, सवयीनं. पट्टा माझ्या उंचीचा होता, तो आखडून घेतला. मग स्वयंपाकघरात जाऊन पिशवी ओट्यावर ठेवली.

मालिनी म्हणाली, "कुठे निघालात?"

"कुठे नाही. ग्रहणाचं दान राहिलंय. तू मागितलंस, मी दिलंच नाही."

तिला कळलं. म्हणाली, "वेडेपणा करू नका. हा तुमचा जीव आहे. द्यायचंच तं तो जुना रीळवाला द्या."

"नको झालेलं देतात ती अडगळ," मी म्हटलं. आईचाच सूर लागला माझा, मलाही ओळखू आला. धारवाडचा निळा स्वेटर देताना हात मागे येत होता. आज आला नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? आला. पण दिला.

तिनं पट्टा गळ्यात घातला. तिच्याकडे सरळ बघितलं तर चेहरा पुसल्यासारखा. म्हणून मी तिच्या खांद्यामागच्या घड्याळाकडे बघितलं, आणि ती दिसली. रडत होती, आणि कॅमेरा माझ्यावर रोखत होती.

"अगं, माझा कसला काढतेस? कार्डिनल आलाय बाहेर, ओरडतोय बघ."

"राहू द्या," ती म्हणाली. "सासूबाईंनी विचारलं होतं नं, तिकडे माणसं नाहीत का म्हणून."

मी हललो नाही. लेन्सचं झाकण काढायला ती विसरली होती, ते मी सांगितलं नाही. दोनदा बटण दाबल्यावर तिचं तिलाच कळलं.

उद्या सकाळी नदीवर जायचं आहे, बगळ्यांची पिल्लं निघतील आता. ती बघेल आणि मला सांगेल. गाडी तीच चालवेल.